घोडीवर ओझं असेपर्यंत

माहेरच्यांनी मला आठ दिवस दिले होते.

आठ दिवसांत परत येशील, असं तोंडावर कुणी म्हणालं नाही. पण लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी न्हावऱ्याला गेले, तेव्हा भावकीतल्या बायका आधी माझ्या पायांकडे बघायच्या आणि मग एकमेकींकडे. एक चुलती म्हणाली, "आगं, सायकल तरी घिऊन जा संगं." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते लक्षात ठेवलं. माझा स्वभावच असा आहे. 'तुला जमायचं नाही' असं कुणी म्हटलं, की ते काम मला आवडायला लागतं.

त्यांचं हसणं अगदीच खोटं नव्हतं. आम्ही धनगर, पण मी तीन वर्षांची असतानाच वडिलांनी मेंढरं विकली होती. विहिरीला पाणी लागलं, कांदा झाला, मग ऊस झाला, दारात दोन म्हशी आल्या. मी मेंढपाळाची मुलगी होते ती फक्त शाळेच्या दाखल्यावर. सायकलवरून शाळेत गेले, दहावी पास झाले, आणि दौंड तालुक्यातल्या एका कोरड्या माळावरच्या घरात दिले गेले. त्या घरात अजून दीडशे मेंढरं होती आणि ती अजून चालत होती. मला वाटलं, चालायचंच तर आहे. चालता तर मला येतंच.

नव्वदनंतरच्या दशकाची मधली वर्षं होती ती. दिवाळी झाली की आमच्या माळावर काडीसुद्धा राहायची नाही. मग मेंढरं घेऊन भोरच्या बाजूनं वरंधा घाट उतरायचा आणि कोकणात जायचं. तिथं भात निघालेला असतो, खाचरांत मेंढरं बसवली की खत होतं म्हणून शेतकरी वाट बघत असतात. पाऊस पडायच्या आत परत वर. जायला वीस-बावीस दिवस. बाप्ये मेंढरं चारत डोंगराडोंगरानं जायचे आणि बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून रस्त्यानं पुढच्या मुक्कामाला. घोडीवर मुक्कामाला ठोकायचं पाल, भांडी, पिठाचं गठुडं, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि दोन्ही बाजूंना झोळ्यांत कोकरं. चार-आठ दिवसांची कोकरं चालत नाहीत. दिवसभर ती आमच्याबरोबर आणि त्यांच्या आया बाप्यांबरोबर. दिवस मावळायला मेंढरं मुक्कामावर येतात, तेव्हा कोकरं तिथं हजर पाहिजेत. बाई पोचली नाही तर कोकरू उपाशी.

म्हणूनच बाई चालेना, की मेंढरं चालत नाहीत.

आणि आमच्या घरातली बाई थकत आली होती. सासूला आम्ही आत्या म्हणतो आणि सासऱ्यांना मामा. आत्यांनी तीस वर्षं घोडीचा दोर धरला होता. त्यांचा उजवा गुडघा त्या वर्षी तव्यावरच्या भाकरीसारखा फुगला होता. निघायच्या आदल्या दिवशी मामा अंगणात माझ्यादेखतच म्हणाले, "कोकणात पोचलो की म्हाडचा एक यापारी मेंढरं बघाया येनार हाय. पोरीला जमलं तर ठीक. न्हाई जमलं तर समदी देऊन टाकू." त्यात राग नव्हता. उद्या वारं सुटेल म्हणावं, तसं म्हणाले. मेंढरं गेली तर आमच्या ह्यांना कुरकुंभला कंपनीत हेल्पर म्हणून जावं लागणार होतं. हे एकेका मेंढीला तोंडावरून ओळखायचे. ते माझ्या नव्या वहाणांना तेल चोळत बसले होते, ते चोळतच राहिले.

तेव्हा मला कळलं की दीडशे मेंढरं माझ्या दोन पायांवर उभी आहेत.

पहिल्याच दिवशी आत्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक गाठ आणि एक नियम.

गाठ ओझ्याची. शेळीच्या केसांची, त्यांनी स्वतः वळलेली दोरी होती. ती घोडीच्या पोटाखालून घेऊन अशी बांधायची, की शेपूट धरून एक हिसका दिला की सगळं ओझं मोकळं. मला गाठी येत होत्या की! मी वडिलांच्या गोठ्यात बैल बांधलेली मुलगी. मी माझी गाठ मारून दाखवली, जनावरानं कितीही ओढलं तरी सुटायची नाही अशी. आत्यांनी ती बघितली आणि सोडायला लावली. "ही बसल्याली गाठ हाय," त्या म्हणाल्या. "घरातल्या जनावराला ठीक. आपली गाठ चालती पायजे. घोडी पडली तर तिला आधी मोकळी करायची, मग इचार करायचा."

नियम मी मोडला तेव्हा कळला. दुपारी एका बाभळीखाली थांबलो. आत्या घोडीचा दोर धरून उभ्या, मी मात्र बुंध्याला टेकून बसले. पाय पसरले. काय बरं वाटलं म्हणून सांगू! आत्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "घोडीवर वझं हाय न्हवं?"

"व्हय."

"तिला बसता येतं का?"

"न्हाई."

"मग तू कशी बसलीस?"

मी उठले. घोडीच्या पाठीवर ओझं असेपर्यंत बाईनं बसायचं नाही, एवढाच तो नियम. पाणी उभ्यानं प्यायचं, भाकरी उभ्यानं खायची. त्या बाईचा गुडघा फुगलेला, आणि ती उभी. मला स्वतःची लाज वाटली आणि त्यांचा रागही आला. दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी टाचांना फोड आले. तिसऱ्या दिवशी फोडांना फोड आले. आत्यांनी मुक्कामावर माझा पाय मांडीवर घेतला, सुईत लोकरीचा धागा ओवला आणि फोडाच्या या बाजूनं घालून त्या बाजूनं काढला. धागा आतच ठेवला. पाणी धाग्यावाटे झिरपून गेलं, कातडी जागेवर राहिली. वर हळद. एक शब्द गोड बोलल्या नाहीत, पण पाय बराच वेळ मांडीवर ठेवला. सकाळी मी दोन्ही टाचांत लोकर ओवून चालायला लागले.

पायाचं एक बरं असतं. पाय फार तर दुखतात. मन बोलतं.

चौथ्या दिवशी आम्ही चौफुल्याला आलो. सोलापूर रस्ता ओलांडायला आम्ही आणि बरोबरच्या दोन बिऱ्हाडांच्या बायका घोड्या धरून उभ्या होतो आणि समोर एसटी लागलेली. पाटी शिरूरची. व्हाया न्हावरे. खिडकीत एक बाई केळं खात बसलेली. तासाभरात ती आमच्या वेशीत उतरणार होती. तिथं म्हशीचं दूध, कडीपाटाचं नसलं तरी पत्र्याचं छप्पर आणि पाय पसरायला ओसरी. निघताना वडील म्हणाले होते, "न्हाई झालं तर ये. दार उघडंच हाय." ते प्रेमानं म्हणाले होते, तेच वाईट होतं. शिव्या देऊन पाठवलं असतं तर त्या एसटीकडे मी बघितलंच नसतं. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा माझा एक पाय खरोखर पुढे पडला. आत्यांनी तो बघितला. घोडीचा दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. एसटी गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी रडले, आणि मग रस्ता ओलांडला.

यवत मागं पडलं आणि भुलेश्वराच्या डोंगराकडे तोंड केलं, तेव्हा खरं ऊन भेटलं. पाऊस कमी झालेलं वर्ष. नुसता माळ, खडक आणि लांबवर एखादी बोर. बरोबर दोन घागरी पाणी. ते आधी घोडीला, मग कोंबड्यांना, मग आपल्याला. उरलं तर! समोरचा डोंगर सकाळी जेवढा लांब होता तेवढाच दुपारी. चाललो की नुसतेच पाय हलवले, ते कळेना. डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली: बस, बस, बस. मग मी पाढे म्हणायला लागले. दहावीचा मला आयुष्यात झालेला सगळ्यात मोठा उपयोग तो. सोपे पाढे मनाला गुंतवत नाहीत, म्हणून मी एकोणतिसाचा धरला. एकोणतीस सक किती ते आठवेपर्यंत शंभर पावलं निघून जायची.

आत्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "कसला मंतर हाय ह्यो?"

"एकोणतिसाचा पाढा."

"लई अवघड असतो का?"

"लई."

"मंग त्योच म्हन," त्या म्हणाल्या.

आठवा दिवस आम्ही सासवडच्या अलीकडे काढला. त्या संध्याकाळी मी तीन दगडांची चूल मांडताना चुलतीची आठवण काढली आणि एकटीच हसले. नवव्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी मी उठले.

पुढं कापूरहोळ, भोर. पाय आता माझं ऐकत होते. खरं सांगायचं तर मला थोडा माज चढला होता, आणि माझी चूक त्या माजाच्या पोटी झाली नाही हे विशेष. ती भीतीपोटी झाली.

घाट उतरायचा त्या सकाळी धुकं होतं, दोऱ्या दवानं ओल्या झाल्या होत्या. आत्यांचा गुडघा वाकत नव्हता, म्हणून ओझं मी एकटीनं बांधलं. आत्यांनी शिकवलेली गाठ नीट मारली. मग मी घाटाकडे बघितलं. खाली नुसतं पांढरं, तळ दिसेना. झोळ्यांत सहा कोकरं. एका हिसक्यात सुटणारी गाठ, आणि हा एवढा उतार! माझ्या हातांनी मला न विचारताच त्या गाठीवर वडिलांची गाठ मारली. बैलाची. कधीच न सुटणारी. मला फार बरं वाटलं.

आमच्याबरोबरची दोन बिऱ्हाडं पुढे निघून गेली होती, कारण आम्ही आत्यांच्या गुडघ्याच्या चालीनं चाललो होतो. निम्मा घाट उतरलो असू. वळणावरून एक ट्रक आला आणि त्यानं अगदी कानाशी भोंगा वाजवला. घोडी बुजली, तिचा मागचा पाय कडेच्या दगडी गटारात गेला आणि ती गुडघ्यांवर बसली. ओझं कलंडलं. एक झोळी तिच्या पोटाखाली गेली. ट्रक निघून गेला.

आत्यांनी दोरीचं शेपूट धरून हिसका दिला. काही झालं नाही. परत दिला. मग त्यांनी वाकून गाठ बघितली आणि माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. त्यात राग असता तर मी सोसला असता. त्यात फक्त 'अस्सं' एवढंच होतं.

मी नखं लावली, दात लावले. ओली गाठ दगड झाली होती. घोडी पाय झाडत होती आणि झोळीतून कोकराचा आवाज येत होता, मग येईनासा झाला. आत्यांनी भांड्यांतला कोयता ओढून काढला आणि दोरी कापली. स्वतः वळलेली, कित्येक वर्षांची दोरी. एका घावात. ओझं सुटलं, घोडी उठली, मी झोळी ओढली. पाच कोकरं ओरडत होती. सहावं गप्प होतं. मी ते पालथं धरून चोळत राहिले, तोंडात फुंकर घालत राहिले, आणि आत्या घोडीचं डोकं धरून उभ्या होत्या. शेवटी ते शिंकलं. मी एवढ्या मोठ्यानं रडले, की कठड्यावरची माकडं पळाली.

रडून झाल्यावर हिशेब दिसला. घोडी लंगडत होती, तिच्यावर ओझं घालणं शक्य नव्हतं. आत्या स्वतःच काठीवर. दुपार होत आलेली. मुक्काम घाटाच्या तळाशी आणि मेंढरं मावळतीला तिथं येणार.

"आत्या," मी म्हणाले, "तुमी मोकळी घोडी घिऊन म्होरच्या वळणापतुर चला. कोकरं म्या आनते. मग भांडी आनते."

"जमंल का?"

"गाठ माझी हुती," मी म्हणाले.

मग ते सुरू झालं. तीन कोकरं पुढच्या झोळीत, तीन पाठीवरच्या झोळीत, एक वळण खाली. तिथं ती आत्यांच्या पायांशी ठेवायची आणि परत वर. वर पाल, भांडी, पिठाचं गठुडं, कोंबड्या, सगळं डोक्यावर आणि काखेत घेऊन परत तेच वळण खाली. मग पुढचं वळण. उतरताना गुडघे थरथरायचे, चढताना छाती फुटायची. लोकरीच्या धाग्यानं बऱ्या झालेल्या टाचा परत फुटल्या. बांधलेल्या कोंबडीनं कानाला चोच मारली, तिलाही मी शिवी दिली. पाचव्या की सहाव्या वळणावर मला वाटलं, हे गठुडं इथंच टाकावं, त्यावर बसावं आणि कुणी येईल तेव्हा येईल. मी खाली बघितलं. आत्या वळणावर उभ्या होत्या. घोडीवर काही नव्हतं, तरी उभ्या.

गठुडं त्यांच्यापाशी उतरवून मी ओरडले, "आवं आत्या, बसा की! घोडी मोकळी हाय."

"घोडी मोकळी हाय," त्या म्हणाल्या. "वझं तुझ्या डोस्क्यावर हाय. म्या कशी बसू?"

मी एकोणतिसाचा पाढा पहिल्यापासून सुरू केला.

लोकांना सांगताना मी म्हणते, त्या दिवशी वरंधा घाट मी दोनदा उतरले आणि एकदा चढले. लिहिताना खरं लिहावं लागतं. तो अर्धा घाट होता. पण अर्धा घाट दोनदा उतरले आणि एकदा चढले, ओझ्यानिशी, फुटक्या टाचांनी, मावळतीच्या आत. ज्याला यात काही वाटत नसेल त्यानं करून बघावं.

तळाशी पोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं. मी झोळ्या उतरवल्या आणि करवंदीच्या जाळीपलीकडून मेंढरांचा आवाज आला. आया पळत आल्या. सहा कोकरांनी सहा आया शोधल्या, शेपट्या हलवत गुडघे टेकले आणि प्यायला लागली. गप्प झालेलं कोकरू सगळ्यांत जास्त प्यायलं. आमचे हे माझ्याकडे बघत उभे राहिले, मग कापलेल्या दोरीकडे. आत्या एवढंच म्हणाल्या, "घोडी घसरली." गाठीचं त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. आज मीच सांगते आहे.

तीन दिवस घोडीला विश्रांती दिली. आत्यांनी दोरीची कापलेली टोकं एकमेकांत वळून परत जोडली. चौथ्या दिवशी आम्ही पुढच्या मुक्कामाला निघालो, नदीकाठच्या भाताच्या खाचरांत. ओझं मी बांधलं. गाठ एकच, चालती. दोर आत्यांच्या हातात होता.

खाचरांपाशी पोचलो, तर मामा आणि हे मेंढरं घेऊन आधीच आलेले. आणि बांधावर मोटारसायकल. महाडचा व्यापारी आला होता. तो मेंढ्यांच्या पाठी चाचपत होता आणि मामा त्याच्या मागे मागे चालत होते. आम्हाला बघून मामा थांबले. हेही थांबले. सगळे आत्यांकडे बघायला लागले, कारण उत्तर त्यांच्याकडे होतं.  वीस दिवस चालले होते मी, पण एक दोरी माझ्यामुळे तुटली होती, एक घोडी लंगडली होती, आणि ते त्या बाईला माहीत होतं.

आत्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग घोडीचा दोर माझ्या हातात दिला, बांधावरचा एक सपाट दगड शोधला, काठी बाजूला ठेवली आणि त्यावर बसल्या. दुखरा पाय लांब केला.

घोडीवर पाल होतं, भांडी होती, पीठ होतं, कोकरं होती. काहीच उतरवलेलं नव्हतं. तीस वर्षांत त्यांना असं बसलेलं मामांनीही बघितलं नसावं. ते तोंड उघडं ठेवून बघत राहिले. मग व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "च्या घिऊन जावा आता. मेंढरं द्यायची न्हाईत."

मला भीतीच वाटली. मी हळूच म्हणाले, "आत्या, वझं हाय अजून घोडीवर."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तू हायेस की हुबी."

मी उभी राहिले. व्यापाऱ्याचा चहा होईपर्यंत मी दोर धरून ताठ उभी होते.